पहिली रायफल घेण्याआधी: टेक्सासात नव्याने आलेल्यांसाठी

थँक्सगिव्हिंगचे सेल लागले की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "दादा, पाचशे डॉलरला एआर रायफल मिळतेय, घेऊन टाकू का?" मी किमतीकडे वळतच नाही. आधी विचारतो, तुझा व्हिसा कुठला?

एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसांपैकी काहीही असेल, तर विषय जवळपास तिथेच संपतो. अशा व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूकच काय, एक काडतूस बाळगणंही अमेरिकेच्या संघीय कायद्याने गुन्हा आहे. ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या परवानगीवर, नोकरी करणारे अजून एफ-वनच असतात, हे मुलं सोयीस्कर विसरतात. टेक्सासात रायफल घ्यायला परवाना लागत नाही, नोंदणी नाही, ऑफिसातल्या निम्म्या लोकांकडे बंदुका असतात. हे सगळं खरं, पण ती राज्याची गोष्ट झाली. संघीय कायदा तुमच्या पासपोर्टावरचा शिक्का बघतो. शनिवारी सहकारी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, घेऊन जातो आणि हौसेने आपली रायफल तुमच्या हातात देतो, तेही 'बाळगण्यात' मोडू शकतं. भाड्याने घेतलेली रायफलही तशीच.

एक अपवाद आहे. कुठल्याही राज्याचा शिकारीचा चालू परवाना असेल, तर ही बंदी लागू होत नाही. पण परवान्याची मुदत संपली आणि रायफल कपाटात तशीच राहिली, तर त्या दिवसापासून तुम्ही पुन्हा गुन्हेगार. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला देशाबाहेर काढता येतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-बारा वर्षं उभा असलेला माणूस या दोरीवरून का चालेल, हे मला कळत नाही. चालायचंच असेल, तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाची फी भरा. मी स्वतः ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत थांबलो.

ग्रीन कार्ड आहे? मग बसा, चहा घ्या, पुढे बोलू.

दुकानात तुम्हाला फॉर्म ४४७३ भरावा लागेल. अठरा वर्षं पूर्ण असतील तर परवानाधारक दुकानातून रायफल घेता येते, पिस्तुलाला एकवीस लागतात. नागरिक नसलेल्यांनी ग्रीन कार्डावरचा ए-नंबर लिहायचा. गांजाबद्दलही प्रश्न असतो. एखाद्या राज्यात तो चालतो म्हणून फॉर्मवरही चालेल असं समजू नका, फॉर्मवरच तशी ताकीद छापलेली आहे. खोटं उत्तर लिहिणं हा वेगळा, मोठा गुन्हा. मग दुकानदार बॅकग्राउंड चेक करतो. बहुतेकांचं काही मिनिटांत होतं, कुणाकुणाचं 'डिलेड' येतं. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही, कामाचे तीन दिवस वाट बघायची. मला पहिल्या खेपेला काउंटरवरून परत पाठवलं होतं, कारण ड्रायव्हिंग लायसन्सवर जुन्या अपार्टमेंटचा पत्ता होता. चूक माझीच. घर बदललं असेल तर आधी तो पत्ता बदला.

आणि एच-वनवरच्या मित्रासाठी आपल्या नावावर घेऊन देणं, "पैसे तो देतोय, सही फक्त माझी" वगैरे, याला इथे 'स्ट्रॉ पर्चेस' म्हणतात. मैत्री दुसरीकडे दाखवा.

मी सिंधुदुर्गातला. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक होती, रानडुकरांसाठी. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागल्यावर परत आणायची, आणि परवान्याच्या नूतनीकरणासाठी वेगळे हेलपाटे. बंदूक म्हणजे सरकारी कटकट, ही समजूत घेऊनच मी मोठा झालो. इथे अर्ध्या तासात रायफलचं खोकं घेऊन बाहेर पडलो, तेव्हा पार्किंगमध्ये दोन मिनिटं नुसता उभा होतो.

आता पैशांचं बोलू. समजा तुमच्याकडे ६०० डॉलर आहेत. नवा माणूस सगळे रायफलीत घालतो, मग काडतुसांना पैसे उरत नाहीत आणि रायफल कपाटात पडते. माझा हिशेब उलटा: रायफल निम्म्याच्या आसपास बसवा. उरलेल्यात कानांचं संरक्षण, डोळ्यांचा चष्मा, कुलूपबंद पेटी, एका प्रशिक्षण वर्गाची फी आणि हजारभर काडतुसं. त्यावर आमच्या भागात सव्वाआठ टक्के विक्रीकर, तोही धरा.

या हिशेबात एकच काडतूस बसतं: पॉइंट टू टू, म्हणजे .२२ लाँग रायफल. एनसीसीत ज्यांनी नेम धरला असेल, त्यांना ते आठवेल. तिथली रायफल बोल्टवाली, दर गोळीला हाताने खेचायची. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते, रिकामं कवच आपोआप बाहेर पडतं आणि पुढची गोळी नळीत येते. पुढच्या गोळीसाठी चाप सोडून पुन्हा ओढायचा. .२२ बाजारभावाप्रमाणे आठ-दहा सेंटला एक पडते. एआरची .२२३ अर्ध्या डॉलरच्या आसपास. एका दुपारी दोनशे गोळ्या झाडल्या तर एकीकडे वीस डॉलर, दुसरीकडे शंभर. शिवाय .२२ला धक्का नसल्यात जमा, त्यामुळे दचकून चाप ओढायची वाईट सवय लागत नाही. कुणी 'पोरांची बंदूक' म्हणून हसलं तर सांगा, कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक .२२नेच आणलं. (त्याची रायफल अर्थात वेगळ्या जातीची, किमतीचं तर विचारूच नका.)

माझी शिफारस रुगर १०/२२. १९६४पासून बनतेय, वजन अडीच किलोच्या आत-बाहेर, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन दस्त्याखाली सपाट बसतं. साधं मॉडेल साडेतीनशेच्या आसपास, सेलमध्ये त्याहून खाली. सुटे भाग कुठेही मिळतात आणि काही अडलं तर शेजारचा म्हाताराही दुरुस्त करून देईल. एक खोड मात्र आहे. शेवटची गोळी गेल्यावर साध्या मॉडेलचा बोल्ट उघडा राहत नाही, बंद होतो. म्हणजे रिकामी आणि भरलेली रायफल बाहेरून सारखीच दिसते. त्यामुळे मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे ओढायचा, आत डोळ्यांनी बघायचं, मग बोट घालून चाचपायचं. प्रत्येक वेळी. आत्ताच बघितलं होतं तरी.

शंभर-दीडशे जास्त घालायची तयारी असेल, तर स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ बघा. तिची कळ-खटक्यांची मांडणी एआरसारखी, गोळी .२२, आणि मॅगझिन संपल्यावर बोल्ट उघडा राहतो. पुढे एआर घ्यायचीच असेल, तर हात इथेच तयार होतो. याउलट अगदीच ओढाताण असेल, तर जुनी मार्लिन मॉडेल ६० शोधा. नळीखालच्या लांब नळकांड्यात गोळ्या भरायच्या, मॅगझिन हरवायची भीती नाही. गहाणवट दुकानांत पुष्कळ पडलेल्या असतात, आणि तिथेही तोच फॉर्म ४४७३ भरावा लागतो. घेताना आतून किती साफ आहे ते बघा. बऱ्याच जुन्या .२२ अडकतात त्या मळामुळेच, त्यात बिघाड काही नसतो.

.२२ची म्हणून एक कुरबूर: स्वस्त घाऊक डब्यातल्या काही गोळ्या फुसक्या निघतात. चाप ओढला, 'टक' झालं आणि गोळी सुटली नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून तीस सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. सुरुवातीला सीसीआय मिनी-मॅगचा एखादा डबा घ्या. थोडी महाग पडते, पण रायफल अडते की गोळी, याचा उलगडा लगेच होतो.

एवढं ऐकूनही एआरच हवी असेल, तर थोडक्यात. एआर म्हणजे 'आर्मालाइट रायफल', मूळ कंपनीच्या नावावरून. पाचशे ते सातशे डॉलरांत रुगर, स्मिथ अँड वेसन, पामेटो यांच्या साध्या रायफली मिळतात आणि तुमच्या-माझ्या नेमाला त्या पुरून उरतात. नळीवर ५.५६ (हेही काडतुसाचंच माप) लिहिलेलं बघा. त्यात .२२३ बिनधास्त चालते, पण .२२३च्या नळीत ५.५६ घालायची नाही. १६ इंचांहून आखूड नळी दिसली की हात लावू नका, तिला वेगळी संघीय नोंदणी लागते. आणि दुर्बीण, टॉर्च, पट्टे यांच्या दुकानात पहिले सहा महिने जाऊ नका. तिथे रायफलीहून जास्त पैसे जातात, मी गमावलेत.

न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या मंडळींनी यातलं काही जसंच्या तसं उचलू नये. न्यू जर्सीत आधी खरेदीदाराचं ओळखपत्र, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड (बंदूकमालकाचं ओळखपत्र), कॅलिफोर्नियात परीक्षा आणि दहा दिवसांची वाट, न्यू यॉर्कमध्ये सेमी-ऑटोलाच परवाना. या चारही राज्यांत आणि २०२३पासून वॉशिंग्टन राज्यातही एआरसारख्या बऱ्याच रायफलींच्या विक्रीवर बंदी आहे.

घरी आणल्यावर कुठे ठेवणार, हे रायफल घेण्याआधी ठरवा. पलंगाखाली, कपाटामागे, "उंचावर ठेवलीय, पोहोचत नाही" हे चालणार नाही. टेक्सासात सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवली, तर तो मोठ्या माणसाचा गुन्हा आहे. आपल्याकडे गणपतीला, दिवाळीला पंधरा पोरं घरभर धावतात हे लक्षात ठेवा. पेटी कुलूपबंद, काडतुसं दुसरीकडे, तीही कुलपात. खोलीत राहणारा मित्र एच-वनवर किंवा ओपीटीवर असेल, तर किल्ली किंवा नंबर त्याला द्यायचा नाही, त्याच्याच भल्यासाठी. भेटीला आलेल्या आईबाबांनाही नाही. आणि घरात कुणी मनाने खचलेलं असेल, नोकरी गेलेली असेल, तर खरेदी पुढे ढकला. आधीच घेतलेली असेल, तर ती काही दिवस घराबाहेर सुरक्षित ठेवायची सोय करा. हे बोलायला अवघड जातं, तरी बोला.

रेंजवर 'सीझ फायर' ऐकलं की रायफल खाली, हात बाजूला, का ते विचारत बसायचं नाही. नळी कायम लक्ष्याकडे, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. परतल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नका, गोळीत शिसं असतं.

शेवटचं, भारतात जाण्याआधीचं. एका वर्षी मुंबईला निघताना घाईत मी रेंजवर नेतो तीच पाठीवरची पिशवी उचलली. नशिबाने आदल्या रात्री बायकोने त्यात खाऊ भरायला घेतला आणि बाजूच्या कप्प्यातून तीन .२२ काडतुसं निघाली. मुंबईच्या विमानतळावर एक जिवंत काडतूस सापडलं तरी शस्त्रास्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, मग सुट्टी वकिलाकडे जाते. तेव्हापासून रेंजची पिशवी भडक केशरी आहे आणि ती गॅरेजमधल्या खुंटीवरून फक्त रेंजवर जाते.