शेलमधले समुद्रजीव: पेन डिक्सीत जीवाश्म कसे शोधावेत आणि कसे ओळखावेत

नायगारा बघायला आलेली मराठी कुटुंबं बहुतेक वेळा धबधबा, बोट आणि रात्रीची रोषणाई उरकून परत फिरतात. तिथून गाडीनं साधारण पाऊण तासावर, बफेलो शहराच्या दक्षिणेला, एक उघडंबोडकं राखाडी मैदान आहे. त्याचं नाव पेन डिक्सी. पूर्वी इथं सिमेंटसाठी शेल हा थराथरांचा मऊ खडक खणून काढत. खाण बंद पडली आणि उघडा पडलेला खडक तसाच राहिला. १९९३ मध्ये स्थापन झालेली हॅम्बर्ग नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था आता ती पन्नासहून अधिक एकर जागा सांभाळते. तिकीट काढायचं, आत जायचं, खडक शोधायचा-फोडायचा आणि सापडेल ते घरी न्यायचं, असा तिथला सरळ व्यवहार आहे. मुलांना दगड वाचायला शिकवायचं असेल तर याहून चांगली जागा मला माहीत नाही.

सह्याद्रीच्या आसपास वाढलेल्या आपल्याला हे घराजवळ मिळत नाही. आपला काळा पत्थर म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा, त्यात समुद्राचे जीव कुठून येणार? शेल वेगळा. समुद्राच्या तळाशी थरावर थर साचलेला बारीक चिखल वरच्या भारानं घट्ट झाला की शेल होतो. पेन डिक्सीतला शेल सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डेव्होनियन काळातला आहे. तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, उबदार, उथळ समुद्राखाली होता. पूर्वेला नवे डोंगर वर येत होते आणि त्यांची झीज होऊन गाळ या समुद्रात येत होता. वादळात तो एकदम खाली बसला की तळावरचे प्राणी जागच्या जागी गाडले जात. म्हणून इथं काही प्राणी अगदी पुरे मिळतात. डायनोसॉर मात्र विसरा. ते यानंतर पंधराएक कोटी वर्षांनी आले.

जाण्याआधी

पेन डिक्सी रोज, वर्षभर उघडी नसते. हिवाळ्यात तर जाण्यात अर्थच नाही. वेळा आणि तिकीट संकेतस्थळावर बघूनच निघा. दर वर्षी वसंतात तिथं एक खास कार्यक्रम असतो. यंत्रानं खालचे ताजे थर उकरून ठेवतात आणि जाणकार मंडळी मदतीला असतात. ट्रायलोबाइटच (कठीण कवचाचा, पेरापेरांचा नामशेष समुद्रजीव) हवा असेल तर तो मुहूर्त साधावा.

परवानगीची बाब हलक्यात घेऊ नका. पेन डिक्सीत घरी न्यायची मुभा आहे म्हणून रस्त्याकडेच्या कुठल्याही कड्यावर हातोडी चालवता येत नाही. खाजगी जमिनीवर मालकाला विचारावं लागतं, राष्ट्रीय उद्यानांत खडक उचलायलाही मनाई असते आणि महामार्गाच्या कडेला थांबणं जिवावर बेतू शकतं. ओहायोतल्या मराठी मंडळींना सीझर क्रीक जवळ पडेल. तिथं जीवाश्म आणखी जुने, ऑर्डोव्हिशियन काळातले आहेत. पण नियमही कडक आहेत: आधी परवाना घ्यायचा, अवजार वापरायचं नाही, तळहातात मावेल त्याहून मोठा नमुना उचलायचा नाही.

सामान फार लागत नाही. भूवैज्ञानिकांची हातोडी, एक रुंद आणि एक अरुंद छिन्नी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, जुनी वर्तमानपत्रं, अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, झिपच्या पिशव्या, न पुसणारं पेन आणि बादली. घरातली खिळे ठोकायची हातोडी नेऊ नका. छिन्नीवर जोरात आपटली तर तिच्या पोलादाचा कपचा उडतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. तुम्ही फोडत नसलात आणि शेजारचा फोडत असला तरीही. मैदानावर सावली नाही, त्यामुळे टोपी आणि भरपूर पाणी घ्या. गुडघ्याखाली घ्यायला जाडसर काही असेल तर दिवस सुखाचा जातो.

पहिला तास हातोडी बादलीतच

नवखा माणूस आत शिरला की दिसेल त्या दगडावर हातोडी घालतो. तसं करू नका. हा शेल मऊ आहे. ऊन, पाऊस आणि बर्फानं तो आपोआप भुगा होतो आणि त्यातले कठीण जीव सुटे होऊन वर पडतात. ब्रॅकिओपॉड (दोन झाकणांच्या कवचाचे, शिंपल्यांसारखे दिसणारे जीव), शिंगासारखी प्रवाळं, क्रिनॉइडच्या (समुद्रलिलीच्या) चकत्या यांतलं बहुतेक सगळं नुसत्या डोळ्यांनी वेचता येतं. चांगला पाऊस पडून गेल्यावर वरची माती धुतली जाते, तेव्हा तर विशेष.

उभ्यानं बघून काही दिसत नाही. गुडघ्यावर बसा आणि दोन पावलांपुरता तुकडा नजरेनं विंचरून काढा. सकाळी किंवा उतरत्या उन्हात सूर्याकडे तोंड करून बसलात तर बारीक उंचवट्यांच्याही सावल्या पडतात. काय शोधायचं? समान अंतरावरच्या बारीक रेषा, दोन बाजू सारख्या असलेला आकार, आणि राखाडी चिखलात वेगळा दिसणारा काळा, तकतकीत ठिपका. हा काळा ठिपका ट्रायलोबाइटच्या कवचाचा असू शकतो.

नजर बसायला वेळ लागतो, आणि ती बसते तीही एकदम. आधी सगळं मैदान खडीचं वाटतं, मग त्याच खडीत शिंपले दिसू लागतात. मुलांची नजर आपल्याआधी बसते, त्यांना पुढे सोडा.

खडक फोडताना

ट्रायलोबाइट असलेले थर जरा चुनखडीयुक्त आणि कठीण असतात, तिथं छिन्नी लागते. मोठी फरशी निवडा आणि कडेवर उभी धरा. कडेला आडव्या रेषा दिसतील, ते मूळ चिखलाचे थर. छिन्नीची धार त्या रेषेत बसवा आणि एका जागी जोर न लावता रेषेच्या लांबीभर हलके ठोके देत जा. आवाज बदलतो, भरीव टणक आवाज पोकळ होत जातो, आणि फरशी चिरोट्याच्या पापुद्र्यासारखी सुटते. दोन्ही तोंडं बघा. एकीकडे प्राणी असेल आणि दुसरीकडे त्याचा ठसा. दोन्ही ठेवायचे.

काही दिसलं की हातोडी खाली ठेवा. जीवाश्म खडकातून मोकळा करायचा मोह तिथल्या तिथं आवरला पाहिजे. त्याच्याभोवती चांगला चारेक बोटं खडक राखून, लांबून फोडा आणि तुकडा तसाच घरी न्या. तो तडकलाच तर तडा गेलेल्या जागी आडवी पेन्सिलीची रेघ मारा, म्हणजे घरी जोडताना तुकडे कसे बसतात ते कळतं. सगळे कपचे, अगदी नखाएवढेही, एकाच फॉइलमध्ये गुंडाळा.

आणि त्याच क्षणी पिशवीवर लिहा: तारीख, जागा, मैदानाचा कुठला भाग, थरातून काढला की सुटा पडलेला होता. आता लिहिलं नाही तर संध्याकाळी बादलीतले सगळे दगड सारखेच वाटतात. कुठून आला हे माहीत नसलेला जीवाश्म शोभेचा असतो, अभ्यासाचा नाही. माझं मत विचाराल तर एक पुरा ट्रायलोबाइट नोंदीशिवाय आणण्यापेक्षा पाच फुटके ब्रॅकिओपॉड नोंदीसकट आणावेत.

ओळखायचं कसं

नावांची यादी पाठ करून ओळख होत नाही. आधी प्राण्याचा गट ठरवा, जातीकडे नंतर वळा. गट ठरवायला सममिती बघणं हा सगळ्यात भरवशाचा मार्ग.

पेन डिक्सीत सगळ्यात जास्त मिळतात ते ब्रॅकिओपॉड, आणि नव्वद टक्के लोक त्यांना तिसऱ्या-शिंपल्या समजतात. दोन झाकणांचं कवच दोघांनाही असतं, पण प्राणी अगदी निराळ्या वंशांतले आहेत. फरक हातात धरून बघा. तिसरीची दोन झाकणं एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असतात, पण एकच झाकण घेतलं तर त्याची डावी-उजवी बाजू सारखी नसते. ब्रॅकिओपॉडचं उलट. बिजागरीकडच्या टोकापासून समोरच्या कडेच्या मध्यापर्यंत रेघ ओढा: प्रत्येक झाकणाच्या दोन बाजू जुळतात, पण वरचं आणि खालचं झाकण वेगवेगळं, एक बहुधा जास्त फुगीर. ही परीक्षा एकदा जमली की निम्मी बादली ओळखता येते.

मग तपशील. बिजागरीची कड दोन्हीकडे लांब, टोकदार पसरलेली आणि अंगावर ठसठशीत पन्हळी असेल तर म्युक्रोस्पिरिफर. ही टोकं सहज मोडतात, म्हणून शाबूत मिळालं तर जपा. गोलसर, चपटं आणि बारीक रेषांचं असेल तर ऱ्हिपिडोमेला. पन्हळी नसून नुसती वाढीची वलयं दिसली तर अथायरिस असण्याची शक्यता मोठी.

प्रवाळांत एकट्यानं वाढणारी, वाकड्या शिंगासारखी प्रवाळं भरपूर मिळतात. रुंद टोकाकडून बघा, मध्याकडे जाणारे पडदे दिसतील. छोटं, बोटाच्या पेराएवढं स्टिरिओलाझ्मा असू शकतं आणि मोठं, पडद्यांवर आडव्या बारीक दांड्या असलेलं हेलिओफायलम. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसली तर ती वसाहत करून राहणारी प्रवाळं. त्यातलं प्लुरोडिक्टियम छोटं, घुमटाकार असतं. ते उलटं करून बघायला विसरू नका, कारण ते पुष्कळदा गोगलगायीच्या कवचावर वाढलेलं असतं आणि खालच्या बाजूला ते कवच दिसतं.

जाळी असून भोकं सुईच्या टोकाएवढी असतील तर प्रवाळ नाही, ब्रायोझोआ, म्हणजे वसाहत करून राहणारे अगदी बारीक समुद्रजीव. हे फांदीसारखे किंवा लेससारखे पसरतात, आणि त्यांना भिंगाशिवाय ओळखू नये. मध्ये भोक असलेल्या छोट्या चकत्या म्हणजे क्रिनॉइडच्या देठाचे मणी. समुद्रलिली म्हणतात ती हीच, पण ती वनस्पती नसून तारामाशाच्या नात्यातला प्राणी आहे. मणी ढिगानं मिळतात. वरचा पेला मिळणं दुर्मीळ.

वेटोळं कवच आणि त्यावर नागमोडी रेषा दिसल्या तर थांबा. तो गोनियाटाइट असू शकतो. आपल्या देवघरातला शाळिग्रामही असाच: नेपाळातल्या काळी गंडकीच्या खोऱ्यात ज्युरासिक काळातल्या काळ्या शेलमधून सुटलेला अ‍ॅमोनाइट, म्हणजे वेटोळ्या कवचाचा नामशेष समुद्रजीव. गोनियाटाइट त्याच मोठ्या कुळातला, पण त्याच्याहून वीस कोटींपेक्षा जास्त वर्षांनी जुना.

आता ज्याच्यासाठी लोक लांबून येतात तो ट्रायलोबाइट. त्याचं शरीर लांबीत तीन पट्ट्यांत विभागलेलं असतं: मधला उंच कणा आणि दोन बाजू. आडवे भाग तीन: डोकं, पेरापेरांची छाती आणि शेपूट. पेन डिक्सीत मुख्यतः एल्ड्रेजिऑप्स राना मिळतो. डोक्याचा मधला फुगवटा पुरळ उठल्यासारखा खडबडीत, डोळे मोठे, छातीची पेरं ११. त्याच्या सोबतीचा ग्रीनॉप्स लहान आणि चपटा, आणि शेपटीच्या कडेला टोकं असतात. तेवढ्यावरून शेपटीचा नुसता तुकडाही ओळखता येतो. बहुतेक वेळा तुकडेच मिळतील, कारण ट्रायलोबाइट वाढताना खेकड्यासारखी कात टाकत आणि हे तुकडे बरेचदा त्या कातेचे असतात. पूर्ण मिळाला तर तो पसरलेला असेल किंवा धोका जाणवून गुंडाळी केलेला.

डोकं मिळालं तर भिंग लावून डोळा नक्की बघा. त्यावर सुटे सुटे गोल मणी उभ्या रांगांत बसवलेले दिसतात. प्रत्येक मणी कॅल्साइटचं, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाचं, एक भिंग आहे. जीवाश्मशास्त्रज्ञ नाइल्स एल्ड्रेज यांनी या गटातल्या ट्रायलोबाइटांच्या डोळ्यांतल्या रांगाच मोजल्या. १८ रांगांचे, १७ रांगांचे, असे प्रकार दीर्घकाळ जवळपास तसेच राहतात आणि बदल होतो तो भूशास्त्रीय दृष्टीनं झटपट, हे त्यांच्या लक्षात आलं. १९७२ मध्ये त्यांनी आणि स्टीफन जे गूल्ड यांनी उत्क्रांतीबद्दल मांडलेल्या प्रसिद्ध सिद्धान्तामागे या रांगांचाही आधार होता. एल्ड्रेजिऑप्स हे नाव त्यांच्याच सन्मानार्थ दिलेलं आहे. तुमच्या हातातल्या डोक्यावर तुम्हीही त्या रांगा मोजू शकता.

घरी आल्यावर

शेल सरळ पाण्यात बुडवू नका. काही तुकडे भिजले की फुगून विरघळल्यासारखे सुटतात. आधी एखादा टाकाऊ तुकडा भिजवून, वाळवून बघा. सुटे ब्रॅकिओपॉड आणि प्रवाळं मऊ टूथब्रश आणि थोड्या पाण्यानं चांगली निघतात. खडकात बसलेल्या नमुन्यावरचा चिखल दाभणानं किंवा जाड सुईनं, भिंगाखाली, कणाकणानं काढा. सुईचं टोक नेहमी जीवाश्मापासून बाहेरच्या दिशेनं. मोडलेले तुकडे पातळ सायनोॲक्रिलेट गोंदानं (सुपरग्लू) जोडता येतात.

तांब्याची भांडी चिंचेनं घासायची आपली सवय इथं महागात पडेल. चिंच, लिंबू, व्हिनेगर, सगळं वर्ज्य. ही कवचं कॅल्साइटची आहेत आणि आम्लात विरघळतात. ट्रायलोबाइट चांगला आणि पूर्ण असेल, पण खडकात खोल असेल, तर तो हवेच्या दाबानं भुकटी फवारून साफ करणाऱ्या जाणकाराकडे द्या. तिथं हौस करू नये.

प्रत्येक नमुन्याच्या न दिसणाऱ्या बाजूला पांढऱ्या नेलपेंटचा ठिपका लावून त्यावर क्रमांक लिहा, आणि वहीत त्या क्रमांकासमोर पिशवीवरची सगळी नोंद उतरवा. जातीचं नाव अडलं तर गटाचं नाव लिहून पुढे चला. छान उजेडात वरून, खालून आणि बाजूनं काढलेले फोटो पट्टी ठेवून पेन डिक्सीच्या मंडळींना किंवा जवळच्या संग्रहालयाला दाखवा. माशाच्या चिलखताचा तुकडा, तारामासा किंवा क्रिनॉइडचा पेला यांसारखं काही वेगळं मिळालं तर ते तिथल्या तिथं, मैदानावरच दाखवलेलं चांगलं.

काही गोनियाटाइट आणि छोटे शिंपले सोनेरी चमकतात. ते पायराइटचे, म्हणजे लोखंड आणि गंधकाच्या खनिजाचे असतात. दमट हवेत पायराइट कुजतो, म्हणून हे नमुने धुऊन ओले ठेवू नका. पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डबीत ठेवा आणि अधूनमधून डबी उघडून बघा. कडेला पांढरट-पिवळी भुकटी दिसली किंवा गंधकाचा वास आला, तर तो नमुना त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळा काढा.