वाघांच्या शहरात उंदीर मोजताना

नागपुरात एमएस्सी प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी उंदीर हा विषय घेतला, की समोरचा आधी हसतो. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला ही वाघांची जंगलं एवढ्या जवळ असताना उंदीर? एका वनरक्षकाने मला थेट विचारलं, "वाघ सोडून उंदीर पकडून राहिले का जी?" माझं उत्तर सरळ होतं. लहान उंदरांचा गर्भकाळ साधारण तीन आठवड्यांचा, आणि पिल्लं काही महिन्यांतच स्वतः विणायला लागतात. त्यामुळे त्यांच्या संख्येचा चढउतार एका वर्षात बघायला मिळतो. वाघाच्या बाबतीत विद्यार्थ्याला ती सोय नाही.

परवानगीचं आधी बघा. उंदीर पूर्वी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होते, म्हणून "उंदराला कोण विचारतं" असं जुने सीनियर अजून सांगतात. २०२२च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. शिवाय अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायला परवानगी तेव्हाही लागायची. मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात आहे, एवढा आपल्याला फायदा. तरी पावसाळ्याचं काम असेल तर अर्ज हिवाळ्यातच टाका.

आता खरी गोम. नवखा माणूस दर ऋतूत सापळे लावतो, किती सापडले ते लिहितो आणि त्याचा आलेख काढतो. हा आलेख उंदरांच्या संख्येचा असेलच असं नाही, त्यांच्या भुकेचाही असू शकतो. मे महिन्यात सागाच्या जंगलात खायला फार नसतं, तेव्हा शेंगदाण्याच्या वासावर उंदीर लगेच येतो. पावसानंतर गवताला बी धरतं, किडे वाढतात, मग तुमच्या आमिषाकडे तो का बघेल?

म्हणून खूण करून सोडायचं आणि पुन्हा पकडायचं. पुन्हा सापडलेल्यांत खुणेचे जितके कमी, तितकी एकूण संख्या मोठी. समजा, मे महिन्यात २० उंदरांना खूण केली. पुढच्या खेपेला २० सापडले, त्यांत १६ खुणेचे. अंदाज: २० गुणिले २० भागिले १६, म्हणजे २५. सप्टेंबरातही खूण २०ना, सापडले २०, पण खुणेचे फक्त ५. अंदाज ८०. सापडलेले दोन्ही वेळा तेवढेच, संख्या मात्र तिपटीहून जास्त! यातही एक पाचर आहे. काही उंदरांना सापळ्याची चटक लागते, तेच ते पुन्हा येतात आणि अंदाज खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. खूण म्हणून नुसते केस कातरून भागत नाही ते यासाठी. कानात क्रमांकाचा बिल्ला असला की कोण किती वेळा आला ते कळतं.

वजन आणि प्रजननाची लक्षणं प्रत्येक वेळी टिपा. कमी वजनाची पिल्लं कधी दिसू लागतात, यावरून संख्या का वाढली ते समजतं; नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही. चिचुंद्री सापडली तर वेगळी नोंदवा, ती कृंतक, म्हणजे उंदरांसारखा कुरतडणारा प्राणी, नव्हेच. शेपटीला केसांचा गोंडा असलेला जर्बिल जातीचा उंदीर ओळखायला सोपा. मऊ केसांचा मेटाड आणि लहान शेतउंदीर यांच्यासाठी मात्र सुरुवातीला जाणता माणूस सोबत हवा.

सापळ्यांची संख्या, त्यांच्यातलं अंतर आणि ते किती रात्री लावायचे, हे दर ऋतूत तेवढंच ठेवा. चंद्रही सारखा ठेवा, कारण लख्ख चांदण्यात घुबडाच्या भीतीने बरेच उंदीर उघड्यावर येत नाहीत. अमावास्येची मोजणी पौर्णिमेच्या मोजणीशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात पत्र्याचा सापळा ऊन चढायच्या आत रिकामा झालाच पाहिजे, नाहीतर आतला जीव भाजून मरतो. नागपूरचं ऊन कुणाला सांगायला नको. पावसाळ्यात त्रास मुंग्यांचा: त्या आमिष तर नेतातच, अडकलेल्या उंदरालाही चावून मारतात.

शेवटचं, पण माझ्या मते परवानगीइतकंच महत्त्वाचं. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली होती, माणसं दगावली होती. त्याचे जिवाणू उंदरांच्या अंगावर असणाऱ्या चिगर माइट या गोचिडीसारख्या बारीक जिवाच्या चाव्यातून माणसात येतात. हातमोजे, पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली. पँटीवरून हसणारे हसू देत. काही दिवसांनी ताप आला, अंगावर काळी खपली दिसली, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता जंगलात उंदीर हाताळतो हे सांगा. वेळेवर ओळखलं तर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाने हा आजार बरा होतो.