महिनाभर रोज एक छोटी वस्तू: कधी हातकाम, कधी ओव्हन

रोज काहीतरी करायचं, असं ठरवून सुरू केलेला महिना बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच अडखळतो. कारण आळस नसतो. रोज नवीन वस्तू, नवीन कृती आणि नवीन सामान जमवायचं म्हणजे तीस वेळा शून्यापासून सुरुवात करायची. माझा पहिला महिना असाच नवव्या दिवशी थांबला. पहिल्याच दिवशी मी तीन थरांचा केक करायला घेतला होता. दुसऱ्या दिवशी त्याची भांडी, तिसऱ्या दिवशी उरलेलं क्रीम, आणि मग रोज संध्याकाळी "आज काय करू?" हा एकच प्रश्न.

दुसऱ्यांदा मी वस्तूंची संख्या कमी केली. महिन्याला सात-आठ वस्तू निवडल्या आणि त्याच फिरवून फिरवून केल्या, दर वेळी एकच गोष्ट बदलून. तो महिना पुरा झाला. शिवाय हाताला वळण लागलं, ते तीस वेगळ्या वस्तू करून लागलं नसतं. हा लेख त्याच पद्धतीचा आहे.

महिना सुरू होण्याआधी

एका बैठकीत पुरी होते ती छोटी वस्तू. हातकामाला एक तास आणि भाजकामाला ओव्हनचा वेळ सोडून अर्धा तास, यापेक्षा जास्त लागणारं काहीही यादीत घेऊ नका. आवडत असेल तरी नको, ते महिना संपल्यावर करा.

आठवड्यातले तीन दिवस ओव्हनचे आणि चार हातकामाचे ठेवा. रोज भाजलं तर खाणारी माणसं थकतात, हे लक्षात असू द्या. ओव्हनसाठी तीनच गोष्टी पुरतात: शॉर्टब्रेड बिस्किटं, मफिन आणि पाव. हातकामासाठी शिवलेली वही, खोडरबराचे शिक्के, लोकरीचे गोंडे, मिठाच्या पिठाची लटकणं, भरतकामाची पुस्तकखूण. सामान एकदाच आणून एका खोक्यात ठेवा: दाभण, जाड सुई, पक्का दोरा, धारदार कटर, पट्टी, पांढरा गोंद, लोकर. स्वयंपाकघरात एक वजनकाटा हवाच. कपाने मोजलेला मैदा दाबून भरला की सैल, यावर वजनात चांगला फरक पडतो आणि मग "कालची बिस्किटं चांगली झाली, आज का नाही?" याचं उत्तर सापडत नाही.

जमलं तर ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा तापमापकही घ्या. घरगुती ओव्हनचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत दहा-वीस अंशांचा फरक अगदी सहज असतो. एकदा तो कळला की प्रत्येक कृतीत तेवढा हिशेब करता येतो.

दिवस पहिला: महिन्याची वही शिवणं

सुरुवात वहीपासून करा, कारण पुढचे एकोणतीस दिवस ती लागणार आहे. एफोर आकाराचे आठ कोरे कागद मधोमध दुमडले की बत्तीस पानं होतात. पहिल्या पानावर महिन्याचा आराखडा, मग तीस दिवसांची तीस पानं, आणि शेवटचं एक पान मोकळं.

कव्हरसाठी जाडसर कागद घ्या आणि कापण्याआधी त्याची दिशा बघा. कागदातले तंतू बहुतांशी एका दिशेने बसलेले असतात. कागद न मोडता आधी उभा आणि मग आडवा हलकेच वाकवा. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, त्या बाजूची घडी स्वच्छ पडते. उलट्या दिशेने दुमडलेल्या जाड कागदाची कड फाटल्यासारखी खरबरीत होते, आणि कितीही घोटलं तरी ती बसत नाही.

१. आठही कागद एकत्र दुमडा, पट्टीच्या कडेने घडी घोटा आणि कव्हर बाहेरून चढवा.

२. वही उघडून घडीवर तीन खुणा करा: एक बरोबर मध्यावर, बाकी दोन वरच्या आणि खालच्या टोकापासून तीन-तीन सेंटीमीटरवर. दाभणाने आतून बाहेर भोकं पाडा. दाभण घडीच्या रेषेवरच उतरलं पाहिजे, बाजूला सरकलं तर वही तिरकी मिटते.

३. साठ सेंटीमीटर दोरा घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा आणि आत बोटभर शेपूट सोडा.

४. बाहेरून वरच्या भोकात जा, म्हणजे सुई आत आली. आता मधलं भोक सोडून आतूनच थेट खालच्या भोकाकडे जा आणि बाहेर पडा.

५. बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत या. दोऱ्याची दोन्ही टोकं आता आत आहेत आणि मधून एक लांब टाका गेलेला आहे. एक टोक त्या टाक्याच्या डावीकडे आणि दुसरं उजवीकडे राहील असं बघा.

६. दोरा घडीच्या दिशेने ओढून ताणा आणि त्या लांब टाक्यावरून दोन गाठी मारा.

दोरा कागदाशी काटकोनात ओढला तर भोक फाटतं. म्हणून ओढ कायम घडीला समांतर. पहिली वही शिवायला मला पाऊण तास लागला होता. चौथी बारा मिनिटांत झाली, आणि तिची शिवण पहिलीपेक्षा घट्ट होती.

वहीत रोज तीनच नोंदी लिहा: काय केलं, काय बदललं, पुढच्या वेळी काय करायचं. लांबलचक लिहायला लागलात की लिहिणं हेच एक काम होऊन बसतं.

शॉर्टब्रेड: एका दिवसाचं पीठ, दोन-तीन दिवसांची बिस्किटं

या महिन्यात सर्वांत जास्त उपयोगी पडणारी कृती हीच. प्रमाण तोंडपाठ करण्यासारखं आहे, वजनाने एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा. म्हणजे ५० ग्रॅम पिठीसाखर, १०० ग्रॅम बटर, १५० ग्रॅम मैदा आणि चिमूटभर मीठ (खारं बटर असेल तर नको).

बटर बोटाने दाबलं तर खड्डा पडावा, पण चकाकू नये, इतपतच मऊ हवं. वितळलेलं बटर घेतलं तर बिस्किटं ट्रेवर पसरतात. साखर आणि बटर एकत्र फेटा, मैदा चाळून घाला आणि गोळा जमेपर्यंतच हलक्या हाताने एकत्र करा. मळू नका. मैद्याला पाणी आणि मळणं मिळालं की त्यात ग्लुटेनची, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांची चिवट जाळी तयार होते. पावाला तीच हवी असते, इथे मात्र तिने बिस्किट चिवट होतं. बटर मैद्याच्या कणांभोवती बसून ती जाळी धरू देत नाही, म्हणून शॉर्टब्रेड दाताखाली भुगा होऊन विरघळतं.

गोळ्याचे दोन भाग करा आणि प्रत्येकाची साडेचार सेंटीमीटर जाडीची लांबट गुंडाळी वळा. बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळून एक फ्रीजमध्ये ठेवा आणि एक फ्रीझरमध्ये. फ्रीझरमधली महिनाभर चांगली टिकते. दुसऱ्या दिवशी फ्रीजमधली काढा आणि धारदार सुरीने पाऊण सेंटीमीटर जाडीच्या चकत्या कापा. दर दोन-तीन चकत्यांनंतर गुंडाळी पाव वळसा फिरवली, तर खालची बाजू चपटी होत नाही. १६५ अंशांवर १८ ते २० मिनिटं. कडा फिकट सोनेरी दिसल्या की बाहेर. तेव्हा ती मऊ लागतील, ट्रेवरच गार होऊ द्या म्हणजे कडक होतात.

पुढच्या वेळी एकच बदल करा. कधी दहा ग्रॅम मैद्याच्या जागी कोको, कधी लिंबाची किसलेली साल, कधी दहा ग्रॅम मैद्याऐवजी तांदळाचं पीठ, त्याने खुसखुशीतपणा वाढतो. दोन बदल एकदम केले तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

मफिन आणि बेकिंग पावडर

२०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम साखर, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर आणि पाव चमचा मीठ एका भांड्यात. दुसऱ्यात एक अंडं, १६० मिली दूध, ८० मिली तेल. अंडं नको असेल तर त्याच्या जागी ६० ग्रॅम घट्ट दही. ओलं कोरड्यात ओता आणि दहा-बारा वेळा ढवळून थांबा. गुठळ्या दिसल्या तरी थांबा. जास्त घोटलेल्या मफिनमध्ये आत लांबट बोगदे पडतात आणि ती रबरासारखी लागतात. १९० अंशांवर वीस मिनिटं, टोचलेली काडी कोरडी निघेपर्यंत. आठ-नऊ होतात.

बेकिंग पावडर जुनी असेल तर अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून बघा. लगेच फसफसली तर चांगली. बेकिंग सोडा म्हणजे बेकिंग पावडर नव्हे. सोड्याला दही किंवा लिंबासारखं काहीतरी आंबट लागतं, पावडरीत ते आधीच मिसळलेलं असतं.

मफिन आणि बिस्किटं एकाच डब्यात ठेवू नका, मफिनचा ओलावा बिस्किटं ओढून घेतात.

पाव: रात्री पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी बाकीचं

हा न मळता होणारा पाव आहे. ४०० ग्रॅम मैदा, ८ ग्रॅम मीठ, पाव छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, ३०० ग्रॅम पाणी. चमच्याने एकत्र करा, झाका, झोपायला जा. बारा तासांत मळण्याचं काम वेळ स्वतःच करतो, ओल्या पिठात ग्लुटेनची जाळी आपोआप जुळत जाते. हवा गरम असेल तर आठ तासांतच पीठ फुगून वर बुडबुडे येतील, म्हणून घड्याळापेक्षा पिठाकडे बघा.

पीठ मैदा भुरभुरलेल्या ओट्यावर काढा, चारी बाजू मध्ये दुमडून गोळा करा आणि तासभर ठेवा. ओव्हनमध्ये झाकणाचं जाड लोखंडी भांडं २३० अंशांवर अर्धा तास तापू द्या. (भांड्याचं झाकण आणि मूठ इतकी उष्णता सोसतात ना, ते आधी तपासा.) गोळा आत सोडा. झाकण लावून तीस मिनिटं, काढून पंधरा. झाकणामुळे पिठातलीच वाफ आत कोंडते, वरचा पापुद्रा लवकर कडक होत नाही आणि पावाला फुगायला वेळ मिळतो. बाहेर काढल्यावर कान जवळ नेला तर पाव बारीक तडतडताना ऐकू येतो. कवच आकसताना होणारा हा आवाज ऐकायला मी प्रत्येक वेळी थांबते. तासभर गार झाल्याशिवाय कापू नका, आतला भाग चिकट राहतो.

हातकामाचे दिवस

शिक्क्यांसाठी साधं पांढरं खोडरबर पुरतं. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने चित्र काढा, कागद उलटा करून रबरावर ठेवा आणि नखाने घासा. चित्र आरशातल्यासारखं उलटं उमटतं, म्हणजे शिक्का मारल्यावर ते सुलट येईल. अक्षरं कोरताना हे विशेष सांभाळा. कटरचं पातं रेषेपासून बाहेरच्या बाजूला तिरकं धरा, म्हणजे रेषेचा पाया रुंद राहतो आणि शिक्का मारताना ती मोडत नाही. दुसऱ्या आठवड्यात याच शिक्क्यांनी वहीची कव्हरं आणि बिस्किटांच्या पुड्यांचे कागद छापा. एका दिवसाचं काम दुसऱ्या दिवसाला लागलं की महिन्याला आपोआप गती येते.

गोंड्यासाठी लोकर चार बोटांभोवती साठ-सत्तर वेढे गुंडाळा, मधोमध करकचून बांधा, दोन्हीकडचे फासे कापा आणि कातरीने गोल छाटा. छाटताना हात आखडू नका, धीटपणे छाटा, दाट गोंडा निम्मा छाटल्यावरच गोल दिसतो.

मिठाच्या पिठाला एक कप मैदा, अर्धा कप बारीक मीठ, अर्ध्या कपाला थोडं कमी पाणी. अर्धा सेंटीमीटर जाड लाटा, आकार कापा, दोऱ्यासाठी भोक पाडा आणि १०० अंशांवर दोन-तीन तास सुकवा, मध्ये एकदा उलटा. घाईने मी एकदा उष्णता वाढवली होती, तर सगळी लटकणं फुगून तडकली. रंगवल्यावर वॉर्निश लावा, नाहीतर दमट हवेत ती मऊ पडतात. ही वस्तू खायची नाही. घरात कुत्रा असेल तर पीठ आणि लटकणं दोन्ही त्याच्या आवाक्याबाहेर ठेवा, इतकं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं.

पुस्तकखुणेला सुती कापडाची पट्टी आणि साधा धावदोरा पुरे. आठवड्यातून एकदा तीच पट्टी पुढे भरत राहा.

दिवस बुडाला तर

आजारपण, पाहुणे, उशिरापर्यंतचं काम हे येणारच. वहीच्या पहिल्या पानावर पंधरा मिनिटांत होणाऱ्या पाच गोष्टी लिहून ठेवा: एक गोंडा, एक कागदी पाकीट, फ्रीझरमधल्या गुंडाळीच्या सहा चकत्या (ओव्हनचा वेळ सोडून), पुस्तकखुणेची एक ओळ, एक शिक्का. तेवढंही झालं नाही तर ते पान कोरं सोडा आणि दुसऱ्या दिवशी एकच वस्तू करा. दोन करून भरपाई करायला गेलात की तिसरा दिवसही बुडतो.

खाण्याच्या वस्तू त्याच दिवशी वाटून टाका किंवा फ्रीझरमध्ये ठेवा. मफिन आणि पावाचे काप फ्रीझरमध्ये छान राहतात.

तिसावा दिवस

या दिवशी नवीन काही घेऊ नका. पुन्हा एक वही शिवा, त्याच मापाची आणि त्याच दोऱ्याची. मग पहिल्या दिवसाची वही तिच्या शेजारी ठेवा, दोन्हींच्या घड्या आणि गाठी बघा. जुन्या वहीचं मोकळं ठेवलेलं शेवटचं पान उघडा आणि पुन्हा पुन्हा कराव्याशा वाटणाऱ्या वस्तूंची नावं त्यावर लिहा. माझ्या पानावर चार नावं आली होती, त्यातलं पहिलं पावाचं होतं.