निळा धूर दिसला की लगेच टर्बो बदलू नका
सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, पण दोष टर्बोचाच (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) असेल असं नाही. आधी क्रँककेस ब्रीदर (इंजिनाच्या खालच्या भागातला वायूचा दाब बाहेर सोडणारी वाट) आणि टर्बोतून ऑइल परत नेणारा पाइप तपासा. यातलं काहीही चोंदलं असेल तर चांगल्या टर्बोतूनही ऑइल बाहेर पडतं. मग थंड इंजिनवर इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) पाइप काढून पाहा: आत ऑइलचा पातळ थर चालतो, साचलेलं ऑइल नाही. टर्बोचा शाफ्ट (पाती बसवलेला मधला दांडा) बोटांनी हलवा. आजूबाजूला किंचित हलणं ठीक. पुढे-मागे जाणवण्याइतका हलला किंवा पाती घासत असतील तर टर्बो खराब. डिझेल गाडी असेल आणि धूर दाट असेल, तर ती चालवूच नका. इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून बेफाम पळू शकतं, मग चावी काढूनही थांबत नाही.