शस्त्रसंधीची बोलणी नेमकी कुठे अडकलीत, ते बातमीवरून कसं ओळखायचं

"चर्चा सकारात्मक", "तोडगा नाही", "पुढची फेरी लवकरच" असल्या हेडलाइन वाचून आपल्याला घंटा काही कळत नाही, आणि मग दोघांनाही शांतता नकोच आहे असं म्हणून आपण मोकळे होतो. पण बऱ्याचदा दोघांनाही थांबायचं असतं, वाद असतो तो कुठल्या रेषेवर थांबायचं आणि आधी कोणी थांबायचं याचा. त्यामुळे पुढच्या वेळी बातमी वाचताना खालच्या गोष्टी तपासा.

सगळ्यात आधी नकाशा उघडा. आघाडी हलतेय का आणि कुणाच्या बाजूने? जो पुढे सरकतोय त्याला सहीची घाई नसते, आणि जो मागे हटतोय तो आत्ता सही केली तर गेलेला भाग कायमचा गेला म्हणून टाळतो. इराण-इराक युद्धात सुरक्षा परिषदेचा ठराव ५९८ जुलै १९८७ मध्ये आला, इराणने तो मान्य केला जुलै १९८८ मध्ये. ठरावाचा मजकूर तोच होता, पण मधल्या काळात इराकने इराणच्या ताब्यात गेलेला आपला फाओ द्वीपकल्प परत घेतला होता आणि इराण पार थकला होता. कागद नाही बदलला, रणांगण बदललं.

कोरियन युद्धात तर अजून विचित्र प्रकार. बोलणी १० जुलै १९५१ ला केसाँगला सुरू झाली, नंतर पानमुनजोमला गेली, आणि सही झाली २७ जुलै १९५३ ला. म्हणजे दोन वर्षं चर्चाही चालू आणि लढाईही चालू! कारण शेवटी सहीच्या वेळी सैन्य जिथे उभं असेल तीच रेषा धरायची असं ठरलं की प्रत्येक टेकडीला भाव येतो, आणि करार जवळ आला की लढाई कमी व्हायच्या ऐवजी वाढते. सहीला दोन आठवडे राहिलेले असताना चीनने तिथे मोठा हल्ला केला होता. म्हणून चर्चा चालू असताना हल्ले वाढले तर बोलणी फिसकटली असं लगेच धरू नका, उलटंही असू शकतं.

मग क्रम बघा, माझ्या मते सगळ्यात जास्त बोलणी इथेच मरतात. मुद्दे दोघांना मान्य असतात, पण आधी तू की आधी मी? फेब्रुवारी २०१५ च्या मिन्स्क करारात १३ मुद्दे होते, त्यात डोनबासमध्ये, म्हणजे पूर्व युक्रेनच्या लढाई चालू असलेल्या भागात, स्थानिक निवडणुका पण होत्या आणि रशियाला लागून असलेल्या सीमेचा ताबा युक्रेनला परत देणं पण होतं. लिहिलं असं होतं की निवडणुकीच्या दुसऱ्या दिवसापासून सीमेचा ताबा द्यायला सुरुवात. युक्रेन म्हणे आधी सुरक्षा आणि सीमा, नाहीतर बंदुकीखाली निवडणूक कशी घेणार, आणि रशिया म्हणे कागदावर जे आहे तसंच करा. अडकलं ते अडकलंच. बातमीत "अंमलबजावणीचा क्रम" असे कंटाळवाणे शब्द दिसले की तिथे थांबून नीट वाचा.

युद्धकैद्यांचा मुद्दा वरवर माणुसकीचा वाटतो, म्हणजे सोडा आणि संपवा. पण कोरियात सगळ्यात जास्त वेळ यानेच खाल्ला. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार सगळे कैदी परत द्या असं चीन आणि उत्तर कोरियाचं म्हणणं, तर ज्यांना जायचं नाही त्यांना जबरदस्तीने पाठवणार नाही असं अमेरिकेचं. हजारो सैनिक परत यायला नाही म्हणतायत हे जगासमोर येणं कुणाला परवडणार? शेवटी अशा कैद्यांसाठी भारताच्या अध्यक्षतेखाली तटस्थ आयोग नेमला, जनरल थिमय्या त्याचे अध्यक्ष होते.

टेबलावर कोण नाही तेही बघा. दक्षिण कोरियाच्या सिंगमन री यांना करार नकोच होता, त्यांनी जून १९५३ मध्ये २५ हजारांहून जास्त कैदी परस्पर सोडून दिले, आणि त्या करारावर दक्षिण कोरियाची सही नाहीच. व्हिएतनामच्या पॅरिस बोलण्यांत टेबलाचा आकार कसा असावा यावर कित्येक आठवडे गेले, लोक हसले, पण खरा प्रश्न कुणाला बरोबरीचा पक्ष मानायचं हा होता.

आणि आपलं सियाचीन. १९४९ च्या कराची करारात भारत-पाकिस्तानमधली युद्धबंदी रेषा एनजे ९८४२ या बिंदूपर्यंत आखली आणि पुढे फक्त "तिथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत" असं लिहून सोडून दिलं. तेव्हा वाटलं असणार तिथे कोण मरायला जातंय! १९८४ पासून तिथे सैन्य आहे. भारत म्हणतो आधी सध्याच्या चौक्या नकाशावर अधिकृत नोंदवा मग मागे हटू, पाकिस्तान म्हणतो नोंदवलं म्हणजे ताबा मान्य केल्यासारखं होईल. नोव्हेंबर २००३ पासून तिथल्या तोफा थांबल्या, माणसं मात्र वरच आहेत. म्हणून करारात "नंतर ठरवू" अशा धाटणीचं वाक्य दिसलं की ते लक्षात ठेवा.

मग खरंच काही हलतंय हे कशावरून ओळखायचं? नेत्यांच्या हस्तांदोलनाच्या फोटोवरून तर नाही. दोन्हीकडचे लष्करी अधिकारी नकाशे घेऊन बसले का, देखरेख कोण करणार त्याचं नाव ठरलं का, आणि छोटी देवाणघेवाण झाली का, ते बघा. कोरियात स्टालिन मार्च १९५३ मध्ये गेला, एप्रिलमध्ये आजारी आणि जखमी कैद्यांची अदलाबदल झाली, आणि जुलैमध्ये सही.