एजंटला आकाशातली विमानं दाखवणारं टूल कसं द्यायचं

एआय एजंटला, म्हणजे टूल वापरून आपली कामं करणाऱ्या एआय प्रोग्रामला, विचारलं ना की आत्ता मुंबईवर कुठली विमानं आहेत तर तो स्वतःच्या मनाने काहीही सांगेल, म्हणून त्याला लाइव्ह डेटाचं टूल द्यायलाच हवं. सुरुवातीला ओपनस्काय नेटवर्क बेस्ट, विमानं १०९० मेगाहर्ट्झवर एडीएस-बी सिग्नल (आपली जागा, उंची, वेग सांगणारे) सोडतात, जगभरातले हौशी लोक आपल्या रिसीव्हरने ते पकडून देतात आणि ते सगळं ओपनस्कायच्या एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामने डेटा मागायच्या सोयीतून, मिळतं.

पायथनमध्ये एक छोटं फंक्शन लिहा, इनपुट फक्त चार आकडे, अक्षांश-रेखांशाची चौकट. मुंबईसाठी अक्षांश १८.५ ते १९.५, रेखांश ७२.३ ते ७३.३ चालेल. अख्ख्या जगाचा डेटा मागवू नका, क्रेडिट, म्हणजे डेटा मागवायचा ठरलेला कोटा, भराभर संपतात.

आता खरी मेख उत्तरात आहे. प्रत्येक विमानाच्या माहितीची नुसती यादी येते, कुठला आकडा कशाचा ते सांगणारी नावं नाहीत, आणि त्यात रेखांश आधी, अक्षांश नंतर! उंची मीटरमध्ये, वेग मीटर प्रति सेकंद. हे कच्चं एजंटला देऊच नका, फंक्शनमध्येच नावं लावा, वेगाला ३.६ ने गुणून किलोमीटर प्रति तास करा, कॉलसाइनमागच्या (रेडिओवर विमानाला ज्या नावाने हाक मारतात ते) स्पेस काढा. कधीकधी उंची रिकामी येते, तिथे शून्य भरू नका, नाहीतर एजंट उडतं विमान जमिनीवर आहे म्हणून सांगेल.

शेवटच्या सिग्नलची वेळही द्या, आणि टूलच्या वर्णनात स्पष्ट लिहा की यादी रिकामी आली तर "विमान नाही" नाही, "डेटा मिळाला नाही" म्हणायचं, कारण समुद्रावर रिसीव्हर जवळजवळ नसतातच.