एनजीसी २२६४: तरुण तारकागुच्छातले रूपविकारी तारे कसे मोजायचे

तरुण तारकागुच्छात बदलता, म्हणजे रूपविकारी, तारा सापडणं अवघड नाही, न बदलणारा सापडणं अवघड आहे. प्रकाशमापनात आपण एका ताऱ्याचं तेज शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी ताडून पाहतो. इथे शेजारी सगळेच कोवळ्या वयाचे, अंगावर डाग बाळगणारे, धुळीत लोळणारे. म्हणून या कामातली निम्मी मेहनत तुलनेचे तारे निवडण्यात जाते, आणि तिथे हयगय झाली की पुढचे देखणे आलेख फुकट जातात.

सुरुवातीला एनजीसी २२६४ घ्यावा. शृंगाश्व तारकासमूहातला हा खुला गुच्छ काक्षी आणि प्रश्वा यांना जोडणाऱ्या रेषेच्या साधारण मध्यावर, थोडा उत्तरेला आहे. त्यातला एस मोनोसेरोटिस हा ४.७ प्रतीचा तारा अंधाऱ्या जागेहून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. अंतर सुमारे २,४०० प्रकाशवर्षं, वय अवघं काही दशलक्ष वर्षं. यातले बरेच तारे अजून मुख्य क्रमावर (हायड्रोजन जाळत स्थिरावलेल्या अवस्थेत) पोचलेलेच नाहीत, हे मर्ल वॉकर यांनी १९५६ साली इथल्याच प्रकाशमापनातून दाखवलं. पुढे कोरो या अवकाश दुर्बिणीनेही २००८ आणि २०११ मध्ये हाच गुच्छ टिपला.

महाराष्ट्रातून तो डोक्यावरच येतो. पुण्याहून पाहिल्यास १ जानेवारीच्या सुमारास मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने तो याम्योत्तर वृत्त (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतो आणि तेव्हा त्याची उंची ८१ अंशांवर असते. ३० अंशांच्या वर तो सलग आठेक तास राहतो. हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा. अडचण दोन गोष्टींची. मार्गशीर्ष आणि पौष पौर्णिमेला चंद्र आकाशाच्या याच भागात असतो, त्यामुळे ऐन हंगामात पौर्णिमेच्या अलीकडचे-पलीकडचे चार-चार दिवस सोडून द्यावेत. दुसरं म्हणजे ऊसपट्ट्यात पाचट पेटवतात त्या रात्री. धूर डोळ्यांना जाणवत नाही, पण ताऱ्यांचे आकडे दर दहा मिनिटांनी वरखाली होतात.

साधनं आणि एक्स्पोजर

२० सेंटिमीटर व्यासाची, १,००० मिलिमीटर नाभीय अंतराची न्यूटनी दुर्बीण, कोमा करेक्टर, मार्गदर्शक कॅमेरा लावलेलं विषुववृत्तीय माउंट आणि थंड करता येणारा कृष्णधवल सीमॉस कॅमेरा एवढ्यावर काम उत्तम होतं. ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा एपीएस-सी आकाराचा सेन्सर असेल तर एक पिक्सेल ०.७८ विकला (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा विकला) व्यापतो आणि चौकट साधारण ८१ × ५४ कलांची मिळते. लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवली की एस मोनोसेरोटिसपासून शंकू तेजोमेघापर्यंत सगळं एकाच चित्रात बसतं. रंगीत कॅमेऱ्याचा हिरवा चॅनेल पहिल्या सरावाला चालेल, पण गुच्छातले तारे लालसर असल्याने खरं काम जॉन्सन व्ही (हिरवट-पिवळा) आणि कझिन्स आय (अवरक्तालगतचा) या फिल्टरांच्या जोडीनेच होतं. आर फिल्टर इथे टाळलेला बरा, कारण तेजोमेघाचा हायड्रोजन-अल्फा प्रकाश नेमका त्यातून आत येतो.

गेन (कॅमेऱ्याचं संकेतवर्धन) कमीत कमी ठेवावा आणि संपूर्ण हंगामात बदलू नये. सेन्सर उणे १० अंश सेल्सियसवर. व्हीमध्ये १२० सेकंद आणि आयमध्ये ६० सेकंद, आलटून पालटून. एवढ्यात १४ व्या प्रतीचा तारा ०.०१ प्रतीच्या आसपास अचूकतेने मोजता येतो. पण ११ व्या प्रतीपेक्षा तेजस्वी तारे संपृक्त होऊ लागतात, त्यांच्यासाठी १५-२० सेकंदांची वेगळी मालिका घ्यावी. त्याहून छोटं एक्स्पोजर नको. २० सेंटिमीटरच्या दुर्बिणीत १० सेकंदांना नुसत्या लुकलुकण्यामुळेच ०.००३ प्रतीची चूक येते. १६ बिटच्या कॅमेऱ्यात वापरायच्या कुठल्याही ताऱ्याच्या मधल्या पिक्सेलचा आकडा ४०,००० च्या वर जाऊ देऊ नये.

डार्क (झाकण लावून घेतलेली चित्रं) आणि फ्लॅट (एकसारख्या उजळ आकाशाची चित्रं) यांत नवीन काही नाही: त्याच तापमानाचे, त्याच एक्स्पोजरचे ३० डार्क, दर फिल्टरला संधिप्रकाशात २५-३० फ्लॅट, सरासरी आकडा २५,००० ते ३०,०००. गुच्छ माथ्यावरून जात असल्याने जर्मन पद्धतीचं माउंट ऐन मध्यरात्री पलटतं. मग प्रत्येक तारा सेन्सरच्या दुसऱ्या कोपऱ्यात जातो आणि फ्लॅट कच्चा असेल तर आलेखात पायरी पडते. पलटण्याआधीची आणि नंतरची मोजमापं दोन स्वतंत्र संच म्हणून हाताळावीत आणि तुलनेच्या ताऱ्यांत तेवढीच पायरी दिसते का ते आधी पाहावं.

तुलनेचे तारे

पहिली चाळण ताऱ्यांची अंतरं आणि गती मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या यादीची. गुच्छातल्या ताऱ्यांचा पॅरॅलॅक्स (जितका मोठा तितका तारा जवळ) १.३ ते १.४ मिलिआर्कसेकंदांच्या (विकलेच्या हजाराव्या भागांच्या) आसपास असतो आणि निजगती (आकाशातलं स्वतःचं सरकणं) विषुवांशात वर्षाला सुमारे उणे १.७, क्रांतीत उणे ३.७ मिलिआर्कसेकंद. या आकड्यांत बसणारे तारे म्हणजे आपलं लक्ष्य. तुलनेसाठी मुद्दाम यात न बसणारे घ्यायचे. पॅरॅलॅक्स २ पेक्षा जास्त असलेले, म्हणजे गुच्छाच्या अलीकडचे, वयस्क तारे बहुधा शांत असतात. गुच्छातले निळे बी वर्गाचे तारे स्थिर वाटतात म्हणून मोह होतो, पण त्यांच्यातही मंद स्पंदन पावणारे निघतात.

अशा पंधरा-वीस उमेदवारांतून आठ-दहा टिकतात. रीत अशी: प्रत्येक उमेदवार बाकीच्या सगळ्यांच्या बेरजेशी ताडायचा, सहा-सात रात्रींतलं त्याचं विचलन काढायचं, त्याच प्रतीच्या इतरांपेक्षा दीडपट जास्त असेल तर बाहेर. एक काढला की बाकीच्यांचे आकडे बदलतात, म्हणून फेरी पुन्हा करायची. अॅस्ट्रोइमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तारे टिचकीसरशी संचात घालता-काढता येतात. हंगाम संपेपर्यंत मूळ चित्रं पुसू नयेत, कारण डिसेंबरमध्ये निर्दोष ठरलेला तारा फेब्रुवारीत घसरू शकतो.

रंगही जुळायला हवा. लक्ष्य लालसर आणि तुलनेचा तारा निळा असेल तर गुच्छ क्षितिजाकडे उतरताना वातावरण निळा प्रकाश जास्त खातं आणि लक्ष्य सावकाश उजळत असल्यासारखं दिसतं. रात्रीमागून रात्र तोच गुळगुळीत बाक दिसला आणि तो एअरमासबरोबर (प्रकाशाच्या वाटेतल्या हवेच्या जाडीबरोबर) चालत असेल, तर तो ताऱ्याचा नव्हे. बी वजा व्ही या रंगातला (निळ्या आणि व्ही फिल्टरांतल्या प्रतींच्या वजाबाकीतला) फरक ०.३ च्या आत ठेवावा. प्रमाण पद्धतीत रूपांतर करण्यासाठी लागणारे गुणांक एम ६७ वरून काढावेत. कर्केतला हा जुना गुच्छ त्याच हंगामात, थोडा मागून उगवतो आणि त्यातल्या ताऱ्यांच्या प्रती नीट ठरवलेल्या आहेत.

तेजोमेघाची लबाडी

मोजमापाचं वर्तुळ ताऱ्याच्या रुंदीच्या (अर्ध्या उंचीवरच्या) दीडपट त्रिज्येचं घ्यावं, म्हणजे तीन विकलांच्या सीइंगला (हवेच्या थरथरीने ताऱ्याचा ठिपका पसरतो त्याला) साधारण सहा पिक्सेल. आकाशाचं कडं त्याला लगटून आणि अरुंद ठेवावं. इथे पार्श्वभूमी सपाट नाही, दूरच्या कड्यातला मेघ ताऱ्यामागच्या मेघापेक्षा वेगळा असतो. सरासरीऐवजी मध्यक घ्यावा. सीइंग बिघडलं की चुकीचं वजा झालेलं आकाश जास्त बोचतं आणि तारा उगीच मंदावतो किंवा उजळतो. तपासायचं कसं? प्रत उभ्या अक्षावर, ताऱ्याची रुंदी आडव्या अक्षावर मांडावी. ठिपके तिरक्या रेषेत लागले तर तो बदल सीइंगचा आहे, तो तारा यादीतून काढावा किंवा त्याच्यासाठी पीएसएफ पद्धत (ताऱ्याच्या ठिपक्याचा आकार जुळवून तेज काढण्याची) वापरावी.

वेळ आणि आवर्तनकाल

संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवावं आणि नोंद यूटीसीत करावी, साडेपाच तास वजा करून. ज्युलियन दिवस आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे भारतातली पूर्ण रात्र एकाच पूर्णांकात येते. फाइलमध्ये मध्यरात्री आकडा एकाने उडी मारत असेल तर कुठेतरी स्थानिक तारीख घुसली आहे. पृथ्वीच्या कक्षेमुळे येणारा आठ मिनिटांपर्यंतचा फरक काढून वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याशी जुळवावी. तासाभरात बदलणाऱ्या ताऱ्यांना याची गरज फार.

किती मोजायचं ते ताऱ्याच्या जातीवर ठरतं. व्ही५८८ आणि व्ही५८९ मोनोसेरोटिस हे दहाव्या प्रतीच्या आसपासचे डेल्टा स्क्युटी जातीचे तारे काही तासांत स्पंदन पावतात, तेही काही शतांश प्रतींनी. त्यांना सलग पाच-सहा तास द्यावे लागतात. डागांमुळे बदलणाऱ्या टी टॉरी ताऱ्यांना (सूर्यासारख्या, पण अजून घडत असलेल्या) उलट रोज रात्री विखुरलेली चार-सहा मोजमापं पुरतात, पण अशा चाळीसपेक्षा जास्त रात्री हव्यात.

आवर्तनकाल लाँब-स्कार्गल पद्धतीने काढावा, खंड पडलेल्या मोजमापांतूनही ती काल शोधते. इथला ठरलेला सापळा म्हणजे एक दिवस. आपण फक्त रात्री पाहतो म्हणून खरा काल ३.६ दिवस असला तरी आलेखात ०.७८ आणि १.३९ दिवसांनाही तितकीच उंच शिखरं उठतात. एकाच गावातून हे सुटत नाही, कितीही रात्री जागा. न्यू जर्सीत राहणारा एखादा दुर्बीणवाला मित्र दोन आठवडे साथीला आला तर आपली रात्र संपते तेव्हा त्याची सुरू होते आणि खोटी शिखरं खाली बसतात. तुलनेच्या ताऱ्यांचाही असाच आलेख काढावा. त्यांच्यातही एका दिवसाला शिखर आलं तर ते आपल्या पद्धतीतलं आहे. सॉफ्टवेअरने दिलेल्या ‘खोट्या शिखराच्या शक्यते’वर फार विसंबू नये, कारण या ताऱ्यांचा गोंधळ एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत वाहत जातो आणि सूत्र ते धरत नाही. हंगामाचे दोन भाग करून दोन्हींत तोच काल येतो का पाहणं जास्त भरवशाचं.

काल ठोस निघाला, व्हीमधला बदल अर्ध्या प्रतीच्या आत आणि आयमधला त्याहून थोडा कमी असेल, तर थंड डाग घेऊन फिरणारा, भोवतीची वायू-धुळीची तबकडी गमावलेला टी टॉरी समजावा. व्हीमध्ये आयच्या मानाने फारच जास्त उसळी, कालाचा पत्ता नाही, अधूनमधून एका प्रतीपर्यंत झेप, असा तारा अजून तबकडीतून वायू ओढतो आहे. आणि एरवी स्थिर राहून मधूनच खोल खळगा पडत असेल तर धुळीची घडी ताऱ्याआड येते आहे. दोन्ही फिल्टरांचा हट्ट याचसाठी, एकट्या व्हीवरून हा निवाडा होत नाही.

या खळग्यांतला सगळ्यात नामांकित तारा शंकू तेजोमेघाजवळचा केएच १५डी, म्हणजेच व्ही५८२ मोनोसेरोटिस. जोडताऱ्याभोवतीचं तिरकं धुळीचं कडं दर ४८.३७ दिवसांच्या फेरीत ताऱ्याला झाकतं आणि कडं हळूहळू सरकत असल्याने ग्रहणाचं रूप दशकागणिक पालटत आलं आहे. त्याच्यापासून जेमतेम ४० विकलांवर एचडी ४७८८७ हा सातव्या प्रतीचा निळा तारा आहे आणि त्याचं वलय थेट आपल्या वर्तुळावर सांडतं. इथे आय फिल्टर वापरावा, एक्स्पोजर ३० सेकंदांचे ठेवून दहा-दहा चित्रं जोडावीत. आकाशासाठी गोल कड्याऐवजी एचडी ४७८८७ पासून तितक्याच अंतरावरच्या, तारा नसलेल्या दोन-तीन जागा निवडाव्यात. खोल ग्रहणात तारा दिसेनासा झाला तर ती रात्र रिकामी सोडू नये. त्या चित्रात दिसलेल्या सर्वांत मंद तुलनेच्या ताऱ्याची प्रत घेऊन ‘याहून मंद’ अशी नोंद एएव्हीएसओकडे (रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकी संघटनेकडे), नकाशाच्या क्रमांकासह, पाठवावी.